तंबू ठोकू या... पण रात्र कुणाची?

वीकेंड जवळ आला की प्रत्येक ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘यार, कुठेतरी निघू या!’ पुण्या-मुंबईची मंडळी असं म्हणाली की गाड्या थेट कोकणाकडे वळतात. पण आम्ही रत्नागिरीकरांनी काय करायचं? समुद्र तर रोज ऑफिस सुटल्यावर भेटतो. आमचा अड्डाच मुळी मिरकरवाड्याच्या जेटीजवळची चहाची टपरी! समोर ट्रॉलरची रांग, बर्फाने भरलेले क्रेट, माशांचा लिलाव आणि डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. त्यामुळे या वेळी आमच्या चौघांचं एकमताने ठरलं, खारं पाणी नको. घाट चढायचा. जंगल हवं, तलाव हवा आणि काठावर तंबू हवा. नावही एकच पुढे आलं... कोयना!

आपलंच पाणी, बॉस!

१९६०च्या दशकात कोयना धरण उभं राहिलं आणि त्यामागे सह्याद्रीच्या घड्यांमधून शिवसागर जलाशय पसरला. साठा १०५ टीएमसी! पश्चिमेकडच्या काठाला घनदाट जंगल आणि त्यात वासोटा ऊर्फ व्याघ्रगड. हे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं.

आणि हो, रत्नागिरीकरांचं या तलावाशी नातं आहे. कोयना नदी वाहते घाटावर, कृष्णेला मिळायला. पण तिचं बरंचसं पाणी बोगद्यांतून खाली पोफळीला येतं, वीज तयार करतं आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरतं. पुढे चिपळूण, दाभोळची खाडी आणि मग आपला समुद्र. म्हणजे आम्ही निघालो होतो ते आमच्याच पाण्याच्या माहेरी!

प्लॅन ए : ‘कोण बघतंय?’

आमच्यातल्या ट्रेक लीडरचा प्लॅन एकदम फिल्मी होता. खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून चढायचं आणि नागेश्वराच्या गुहेत किंवा तलावाकाठी जंगलातच तंबू ठोकायचे. त्याच्या मोठ्या भावाने कॉलेजात असताना तिथे मुक्काम केला होता म्हणे. पण आता या जंगलात रात्रीचा मुक्काम करता येत नाही. कारण साधं आहे. इथे बिबट्या आहे, अस्वल आहे, गवे आहेत. रात्री पाण्यावर यायची वेळ त्यांची. तिथे आपण शेकोटी पेटवून गाणी लावली, तर त्यांनी जायचं कुठे?

‘अरे, एका रात्रीचा प्रश्न आहे. कोण बघतंय?’ लीडर म्हणाला.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली आमची अकाउंट्सवाली मैत्रीण बोलली. ‘माझ्या आजीचं गाव त्या पाण्याखाली आहे. धरण आलं तेव्हा घर सोडून खाली कोकणात आले सगळे. पाणी उतरलं की जुनी जोती दिसतात, असं ती सांगायची. तिला तिथे परत एक रात्रही राहता आलं नाही. आणि आपण नियम मोडून राहायचं? मजा म्हणून?’

टपरीवर एकदम शांतता. चहा गार झाला. लीडरनेच वहीतलं पान फाडलं आणि नवीन पानावर लिहिलं, प्लॅन बी.

प्लॅन बी : अलीकडचा काठ

जंगल पलीकडच्या काठाला, गावं अलीकडच्या. साताऱ्याहून कासमार्गे साधारण ३५ किलोमीटरवर बामणोली. त्या परिसरात गावकरी आपल्या जागेत तंबू लावून देतात, पिठलं-भाकरी करून घालतात. तुमचे पैसेही त्यांच्याच घरात जातात. दोन्ही रात्री तिथे काढायच्या. मधल्या दिवशी सकाळी वनखात्याची परवानगी घ्यायची, बामणोलीहून लाँचने पलीकडे जायचं, वासोटा चढायचा आणि संध्याकाळच्या आत परत. दिवस आपला, रात्र जनावरांची. फिट्ट!

चाचांचा क्लास

बाजूच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होते आमचे चाचा. आयुष्यभर तांडेल म्हणून बोट चालवलेला माणूस. त्यांनी एकच प्रश्न टाकला, ‘पोरांनो, तिथलं पाणी कोणाच्या हुकमात?’

आमची विकेट! समुद्राची भरती-ओहोटी तिथीवर चालते, ती मिरकरवाड्यात शेंबड्या पोरालाही कळते. पण शिवसागराचं पाणी चंद्र नाही, धरण हलवतं. पावसाळ्यात चढतं, मग वीज आणि शेतीसाठी हळूहळू उतरत जातं. ऑक्टोबरात तलाव काठोकाठ असतो, मे महिन्यात काठाला नुसता गाळ. तारीख ठरवायची ती हे बघून.

चाचांचा दुसरा फंडा, ‘तळं शांत दिसतं म्हणून लाइफ जॅकेट बुडाखाली घेऊन बसू नका. अंगात घाला. आणि लाँचवाला निघा म्हणाला की निघायचं, फोटो नंतर.’ तिसरा प्रश्न तर भारीच, ‘चांदणं हवंय की तारे?’ आम्ही तारे म्हणालो. त्यांनी टपरीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबरमधल्या अमावस्येजवळच्या शनिवारवर बोट ठेवलं. तारीख पक्की!

मेनूवर मात्र भांडण झालंच. सुरमई बर्फात घालून न्यायची टूम निघाली. ‘सात तास गाडीत? सुकट न्या,’ चाचांनी निकाल दिला. तीही गावातल्या चुलीवरच होणार. तंबूत खाण्याचा कणही ठेवायचा नाही, हे आमचं आम्ही ठरवलं.

तुम्हीही निघताय?

कसं जाल : रत्नागिरी–चिपळूण–कुंभार्ली घाट–कोयनानगर–पाटण–सातारा–कास–बामणोली. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सहा-सात तास हाताशी ठेवा आणि घाट उजेडात चढा. पुण्या-मुंबईहून थेट साताऱ्याला या.

कधी : पावसाळ्यात वासोटा बंद असतो. ऑक्टोबरात पाणी भरपूर, पण कासच्या फुलांमुळे गर्दीही भरपूर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.

परवानगी : वासोट्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र हवं. पलीकडे मेट इंदवलीला चौकीवर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात. नेलेली प्रत्येक बाटली परत दाखवावी लागते. तेव्हा स्टीलची बाटली न्या, कटकटच नको.

सॅकमध्ये : स्वेटर, कानटोपी (काठावर थंडी मजबूत असते), टॉर्च, जादा मोजे, रोख पैसे. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. लाँच आणि तंबूचं बुकिंग आधीच करून निघा.

काय नको : स्पीकर, फटाके, दारू.

आणि एक काम. रात्री जेवणं झाली की यजमानांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसा आणि विचारा, ‘आजी, तुमचं जुनं गाव कुठे होतं?’ हात पाण्याकडे गेला, तर पुढचा तासभर मोबाइल खिशातच ठेवा.