विरामांची नोंद

ज्यांना सभेचे इतिवृत्त किंवा कचेरीतील जबानी लिहिण्याची सवय आहे, त्यांना आम्हा संभाषणाच्या अभ्यासकांची लेखनपद्धती प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटते. कारण अडखळणे, अर्धवट सुटलेले वाक्य, मधला हुंकार, दोन बोलण्यांतील शांतता असा जो ऐवज ते फापटपसारा म्हणून गाळतात, तोच आम्ही गेल जेफर्सन या विदुषीने घालून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे, सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजून, दफ्तरी दाखल करतो.

या काटेकोरपणाला सबळ कारण आहे. दहा भाषांचा जो तौलनिक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात होय-नाही स्वरूपाचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लोटतात असे आढळले. आणि समोरच्या चित्रातील वस्तूचे नुसते नाव उच्चारायलाही मनुष्याला याच्या सुमारे तिप्पट वेळ लागतो. अर्थात समोरच्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच ऐकणाऱ्याचे मन त्याचा शेवट ताडून उत्तराची जुळवाजुळव करू लागलेले असते. जिथे एवढी तत्परता नित्याची, तिथे किंचित विलंबही अर्थपूर्ण ठरतो.

माझ्या संग्रहातील एका ध्वनिमुद्रणात धाकटी बहीण थोरलीला विचारते, ‘ताई, उद्या जेवायला येशील ना?’ त्यावर आठ दशांश सेकंद शांतता. मग थोरलीच्या तोंडून ‘उद्या अं...’ एवढेच निघते, तोच धाकटी म्हणते, ‘नाहीतर असं कर, रविवारीच ये, निवांत.’ ‘हां, रविवारी येते.’ नकार कोणी उच्चारला नाही. तरी तो दिला गेला, पोहोचला, आणि त्याची बोच लागण्याआधी त्यावर तोडही निघाली. इतिवृत्तात याचे ‘रविवारी भोजनास येण्याचे ठरले’ एवढेच उरले असते, आणि एकीने दुसरीचा मान कसा राखला, याचा मागमूस राहिला नसता.

हुंकाराचीही हीच कथा. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ साली इंग्रजीतील अशा हुंकारांविषयी प्रतिपादन केले, की बोलणारा त्यांच्याद्वारे पुढील विलंबाची आगाऊ वर्दी देत असतो. म्हणून वर्गात विद्यार्थी किंवा मुलाखतीत उमेदवार अडखळताच त्याच्या बुद्धीविषयी निवाडा देणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की त्या क्षणी तो शब्द निवडतो आहे, तुमच्या प्रश्नाचा आणि तुमचाही विचार करतो आहे. त्याला तेवढी उसंत देणे हा त्याच्यावर उपकार नसून ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे.