एक हात मोकळा ठेवा

चैत्र उजाडला की आमच्या शाहूवाडी तालुक्यात जोतिबाच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. भातखाचरं मोकळी असतात, धूळवाफ पेरणीला अवकाश असतो. घरची माणसं वर्षातनं एकदा मोकळ्या मनानं बाहेर पडतात, आणि पोरंबाळं बरोबर असतातच.

सुमारे २५ वर्षांपूर्वी आम्हीही असेच निघालो होतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा सौभाग्यवतींच्या कडेवर. सामान म्हणाल तर दोन पिशव्या, एक वळकटी, फराळाचा डबा आणि पाण्याचा कॅन. 'पोरं बरोबर आहेत, असू द्या' असं म्हणत एकेक जिन्नस वाढत गेला. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं, म्हणजे त्यानं आपल्या मांडीवर बसायचं. पण माझ्या मांडीवर वळकटी! लेक केर्लीपर्यंत उभीच होती.

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत होत्या, चांगभलंचा गजर चालला होता. माझे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले, म्हणून लेकीला सांगितलं, "माझा सदरा धरून चल." एक रेटा आला, मागं वळून बघतो तो सदरा सुटलेला.

तिचा झगा पिवळा होता. पण गुलालानं सगळीच पोरं एका रंगाची झालेली. पिशव्या तिथंच टाकल्या आणि धावत सुटलो. त्या सामानाची मला आठवणसुद्धा राहिली नाही. अर्ध्या तासानं एका दीपमाळेपाशी, एका अनोळखी म्हातारीच्या कडेवर लेक सापडली. म्हातारीबरोबर तिची तीन नातवंडं होती आणि सामान म्हणजे डोईवर एक गाठोडं. तिचे हात मोकळे होते, म्हणून माझं लेकरू तिला उचलता आलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "लोकांस्नी सांगतोस एका चुडात दोन-तीन रोपं बास, आन् घरातनं निघताना सगळी कणगी उचलतोस व्हय रे?" मी काय उत्तर देणार? चारसूत्री भातशेतीचा प्रचार करत गावोगाव हिंडणारा माणूस मी!

तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला. निघताना सगळं सामान अंगणात मांडायचं, आणि ज्या वस्तूचे दोन उपयोग नाहीत ती परत आत ठेवायची. आईचं जुनं नऊवारी लुगडं मात्र कायम बरोबर. तेच अंथरूण, तेच पांघरूण, झाडाला बांधलं की झोळी, आणि उन्हात आडोसा. मुलांना अंगावरचा एक आणि बदलायला एक जोड. रात्री धुतला की उन्हाळ्यात सकाळपर्यंत वाळतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ फडक्यात बांधला की डबा लागत नाही, आणि खाऊन झाल्यावर फडकं खिशात जातं. जलसंजीवनीची दोन पाकिटं मात्र विसरू नका. वजन काहीच नाही, पण जुलाब लागलेल्या मुलाला मोठा आधार. एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवायचं, कमी पाण्यात नाही. आणि मुलाच्या खिशात गावाचं नाव व घरचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मोबाईल आपल्याजवळ असतो, हरवलेल्या मुलाजवळ नसतो.

राहिलं काही, तर वाटेत मिळतं. साबण मिळतो, टोपी मिळते. बरोबरच्या माणसाकडनं तांब्याभर पाणीही मागता येतं.

त्या लेकीला आता स्वतःची मुलगी आहे. गेल्या खेपेला ती माहेरी आली, तेव्हा एस.टी.तून उतरताना मी मुद्दाम बघितलं. खांद्याला एक पिशवी होती, आणि दुसऱ्या हातात नातीचं मनगट घट्ट धरलेलं होतं.