पंचावन्न ते अडीचशे

अंबरनाथ सोडून लोकल बदलापूरकडे निघाली की मधे चिखलोलीची हद्द लागते. स्थानक अजून व्हायचंय, टॉवर मात्र कधीच उभे राहिलेत. लांब कुठेतरी मोकळ्यात थांबून कॅननची ५५-२५० डोळ्याला लावली, की हे टॉवर आणि मागची मलंगगडाची रांग एकमेकांना चिकटतात. गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमागे डोंगर येऊन उभा राहतो. लेन्सने डोंगर ओढून आणला असं वाटतं, पण ही करामत तिची नव्हे. आपणच लांब उभे असतो, त्यामुळे पुढच्या-मागच्यातलं अंतर आखडतं. लेन्स फक्त आजूबाजूचं कापते. घरांच्या जाहिरातींत डोंगर इतके हाताशी कसे, ते असं.

२००७ साली आलेली ही लेन्स पगारदार माणसाची टेली. वजन ३९० ग्रॅम, माउंटसुद्धा प्लॅस्टिकचं. १८-५५ सोबत एकाच खोक्यात मिळायची, म्हणून पांढऱ्या लेन्सांची किंमत ऐकूनच गप्प बसणाऱ्या कित्येकांना तिने पक्ष्यांचं वेड लावलं. २०११ला दुसरी आवृत्ती आली, २०१३ला एसटीएम, आणि जुनी बंद झाली.

पावसाळ्यात तिचं खरं रूप कळतं. २५०वर अ‍ॅपर्चर ५.६च्या पुढे उघडत नाही. धरणाकाठी तारेवर खंड्या बसलाय, आभाळ काळवंडलंय, मग आयएसओ चढवा आणि निळ्या पिसांत रवा आला तरी चालवून घ्या. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, उडणाऱ्या खंड्याला तो काय करणार? शिवाय फोकस करताना पुढचा भागच फिरतो. पाण्याची चकाकी मारायला पोलरायझर नीट लावावा, तर दर फोकसला तो पुन्हा फिरवा. असली यातायात मला अजिबात आवडत नाही. तरी एफ ८ला, बऱ्या उजेडात, तिची चित्रं आजही खणखणीत येतात.

कंपनीने बनवणं थांबवलं म्हणून लेन्स संपत नाही. आमच्याकडच्या दमटपणात तिला संपवते ती बुरशी. फोर्टातल्या बोरा बाजारात उघडून साफ करून मिळते, पण मजुरी जुन्या लेन्सच्या किमतीला भिडते. म्हणून जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघावं. “फोटोत काही दिसत नाही,” असं विकणारा सांगतोच. कडेला एखाददुसरा ठिपका असेल तर मी घेईन. जाळं धरलं असेल तर फुकटही नको.