रिकामी गेलेली धाव

अल्टिमेट फ्रिस्बी हा खेळ १९६८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या मेपलवूड येथे, कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केला. त्यातला एक नियम मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे : ज्याच्या हाती डिस्क, त्याला धावता येत नाही. एक पाय जमिनीला खिळवून, समोरचा बचावपटू मोठ्याने १० पर्यंत मोजत असताना, त्याने ती फेकायची. फुटबॉलमध्ये एखादा प्रतिभावंत एकट्याने चौघांना चकवून गोल करू शकतो. इथे ते शक्यच नाही. चढाईची बरीचशी बुद्धी त्यामुळे रिकाम्या हातांच्या उरलेल्या ६ जणांकडे जाते.

एक रूढ रचना अशी : फेकीत निष्णात असे दोघे-तिघे डिस्कपाशी, बाकीचे मैदानाच्या मध्यावर एकामागे एक. या रांगेला ‘स्टॅक’ म्हणतात. मैदानाची रुंदी ३७ मीटर. रांग मध्यावर आवळून धरली की दोन्ही अंगांचे पट्टे मोकळे राहतात. रांगेतला एकजण आधी एंड झोनकडे जोरात निघतो, बचावपटू मागे लागला की पाय रोवून उलटा वळतो आणि मोकळ्या पट्ट्यातून डिस्ककडे येतो. फेक आली नाही, तर त्याने हात हलवत तिथे थांबायचे नसते. तो थांबला की त्याचा पहारेकरीही थांबतो आणि दोघे मिळून पुढच्याची वाट अडवतात. त्याने लगेच निघून पुन्हा रांगेत जायचे.

मी हा खेळ बरीच वर्षे खेळलो. माझ्या बहुतेक धावा अशाच रिकाम्या गेल्या. गुण झाला की झेलणाऱ्याचे आणि फेकणाऱ्याचे नाव घेतले जाते. जागा मोकळी करणाऱ्याचे नाही. याला निष्काम कर्म म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नव्हे. डिस्क मिळणारच नाही असे ठरवून केलेली धाव बचावपटू तत्काळ ओळखतो. तो हलत नाही आणि जागाही निर्माण होत नाही. धाव मिळवण्यासाठीच, पूर्ण इच्छेने करावी लागते. आणि दोन क्षणांत ती इच्छा तितक्याच पूर्णपणे सोडावी लागते. इच्छा नसणे त्यामानाने सोपे आहे.

साहित्याच्या वर्गात आपण बहुधा झेललेल्या डिस्कचीच चर्चा करतो. कथा जिथे उजळते ते वाक्य फळ्यावर येते. आधी ज्या परिच्छेदांनी आपले लक्ष दुसरीकडे ओढून नेले, ते ‘वातावरणनिर्मिती’च्या खाती जमा होतात. वस्तुतः त्या परिच्छेदांनाही स्वतःचे काही सांगायचे असते, म्हणूनच वाचक त्यांच्यामागे जातो. केवळ जागा करून देण्यासाठी लिहिलेले वाक्य कोणालाच हलवत नाही. आणि जागा सोडायला तयार नसलेले वाक्य, कितीही सुंदर असो, पुढच्याची वाट अडवून उभे राहते.