घारापुरीची वाट

निवृत्तीनंतर आम्हा चार शाळासोबत्यांचा एक नेम झाला आहे. थंडीच्या दिवसांत एकदा भेटायचे आणि दिवसभर पायी हिंडायचे. आम्ही मूळचे सांगलीचे. पैकी दोघे आता मुंबईस मुलांकडे राहतात. म्हणून यंदा घारापुरी ठरली. सोमवारी लेणी बंद असतात, यास्तव मंगळवार निवडला.

गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने सुमारे १० किलोमीटरचे अंतर तासाभरात कापले. धक्क्यावरच्या छोट्या रेल्वेत न बसता आम्ही चालत निघालो आणि सुमारे १२० पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोहोचलो. मुख्य लेण्यातील महेशमूर्ती सुमारे १८ फूट उंच आहे. तिच्या मधल्या मुखावरील शांती पाहून आमची बडबड आपोआप थांबली. या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटास एलिफंटा म्हटले, तो आता भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

बहुतेक प्रवासी येथूनच परततात. आमच्यापैकी दोघांचे गुडघेही कुरकुरू लागले. तोफांच्या टेकडीची वाट मी आणि हळदीचा व्यापारी असलेला मित्र, अशा दोघांनीच धरली. खरे सांगायचे तर त्याच्याबरोबर एकटे असणे मी वर्षानुवर्षे टाळत आलो होतो. १९९६ साली मी शाखाधिकारी असताना त्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्यास नकार दिला होता. त्यानंतर मैत्री टिकली. तो विषय मात्र कधी निघाला नाही.

माथ्यावर इंग्रजी अमदानीतील दोन प्रचंड तोफा आहेत. खाली खाडीपलीकडे, १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसत होत्या. तिकडे पाहत मित्र म्हणाला, "आमची हळद इथूनच जहाजावर चढते."

मी धीर करून विचारले, "त्या वर्षी तू कसे निभावलेस?"

"वडिलांचे गोदाम विकले."

"कागदपत्रे पाहता माझा निर्णय..."

"निर्णय बरोबर होता रे. माझी उधारीच वसूल होत नव्हती. पण नकाराचे पत्र शिपायाच्या हाती आले. तू घरी येऊन सांगितले असतेस, तर आईला इतके लागले नसते. तिच्या हातचे जेवलेला मुलगा तू!"

मजजवळ उत्तर नव्हते. त्याच्या मातोश्री आज हयात नाहीत. "चुकलो," एवढेच म्हणालो. त्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

उतरताना शेतबंदरातील विजेच्या तारा दिसल्या. २०१८ साली समुद्रतळातून केबल टाकून बेटावर वीज आली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर निघत. समोर मुंबईचा झगमगाट असूनही ही स्थिती! मित्र उद्गारला, "इतक्या जवळ असून इतकी वर्षे लागली."

सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून चारची लाँच धरली. डेकवर चौघांनी डबे उघडले. त्याने आपली दशमी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. शाळेच्या मधल्या सुट्टीत ठेवत असे, तशीच. बँकेत असताना कित्येकांना मी मुदतवाढ दिली. त्या दिवशी प्रथमच ती मला मिळाली.