टॅब पाहिजे का त्यातलं सामान?

मामांच्या टॅबला पॅटर्न लॉक होता आणि तो मामांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता. धुळ्यात शिक्षकी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर साक्री तालुक्यातली गावं फिरत अहिराणी गाणी गोळा करायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणतात ती, श्रावणात कानबाईची म्हणतात ती. गाणं नुसतं कागदावर उतरवलं की त्याचा हेल जातो, म्हणून ते सगळं टॅबवर रेकॉर्ड करत. गाणाऱ्या बहुतेकजणी सत्तरीच्या पुढच्या. मामा अचानक गेले आणि या बायकांचे आवाज नऊ ठिपक्यांच्या मागे अडकले.

नऊ ठिपके म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण त्यांतून 3 लाख 89 हजार 112 वेगवेगळ्या आकृत्या काढता येतात. शिवाय पाच वेळा चुकलं की टॅब अर्धा मिनिट थांबायला लावतो आणि पुढे ही थांबवणूक वाढत जाते. मामांच्या स्वभावाला शोभतील अशी अक्षरं आम्ही ओढून पाहिली. त्यांच्या नावाचं आद्याक्षर, मग इंग्रजी झेड, मग एल. काही नाही. काच तिरपी धरून बोटांचा तेलकट माग दिसतो का, हेही पाहिलं. ही युक्ती पोरकट नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये यावर रीतसर निबंध लिहिला आहे. पण काच लख्ख होती. “त्यानावर धूय बसस, मी रोज पुसस,” मामी म्हणाल्या. मामांच्या वस्तू त्या अशाच जपत होत्या, आणि त्यांना काय सांगणार?

टॅब घेऊन मी जळगावला परतलो. इथे मोबाइलचं काहीही अडलं की माणूस गोलाणी मार्केटची वाट धरतो. एका दुकानात “अर्ध्या तासात खोलून देतो” असं ऐकायला मिळालं. नशिबाने त्याच्याकडे गर्दी होती. पुढच्या दुकानातल्या पोराने टॅब उलटसुलट करून पाहिला, कुणाचा आहे ते विचारलं, बिल मागितलं. मामांच्या फायलीतलं बिल मी दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, “काका, तुम्हाले टॅब पाहिजे का त्यातलं सामान?”

सगळा विषय या एका प्रश्नात आहे. टॅब ‘खोलणं’ म्हणजे बहुतेक वेळा फॅक्टरी रीसेट. पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबायचं, येणाऱ्या यादीतून सगळं पुसायचं. टॅब नवा कोरा होतो आणि आतलं सामान कायमचं जातं. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक अँड्रॉइड उपकरणांत आतली माहिती कूटबद्ध असते आणि तिची किल्ली त्या पॅटर्नशी व आतल्या चिपशी बांधलेली असते. स्मृतीची चिप उपसून काढली तरी हाती येतो तो निव्वळ गोंधळ. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली मोडी दप्तरं आज सर्वांना वाचता येत नाहीत, पण शिकलेला माणूस ती वाचतो. इथे शिकून उपयोग नाही. अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोच्या 2015 मधल्या हल्ल्यानंतर एका हल्लेखोराचा आयफोन उघडायला एफबीआय अ‍ॅपलविरुद्ध कोर्टात गेली होती. शेवटी 2016 च्या मार्चमध्ये बाहेरच्या कुणाच्या तरी मदतीने तो उघडला. आमच्यामागे एफबीआय नव्हती.

त्या पोराने दोन कामं सांगितली. पहिलं तिथल्या तिथे केलं. बाजूच्या खाचेतलं मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरला लावलं. कार्ड वेगळं कूटबद्ध केलेलं नसेल तर त्याला टॅबच्या लॉकचं बंधन नसतं. मामांनी कॅमेऱ्याची साठवण कार्डावर ठेवली होती, त्यामुळे व्हिडिओ मिळाले. झोके, फुगड्या, कानबाईची मिरवणूक. नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग मात्र टॅबच्या पोटात होतं.

दुसरं काम धुळ्यात करायचं होतं. मामांचं गूगल खातं त्यांच्याच घरातल्या वायफायवरून परत मिळवायचं. ओळखीच्या जागेवरून प्रयत्न केला तर गूगल लवकर विश्वास ठेवतं. ओटीपी मामांच्या नंबरवर येणार होता. तो नंबर साध्या बटणांच्या फोनमध्ये होता आणि मामी त्याला अजून रिचार्ज मारत होत्या. का, तर जुने विद्यार्थी फोन करतात, त्यांना सांगायला कुणीतरी हवं. त्या रिचार्जनेच खातं उघडलं. नाहीतर बंद पडलेला प्रीपेड नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला दिला जातो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं.

गूगल फोटोजमध्ये आणखी चित्रं आणि व्हिडिओ सापडले. ऑडिओ फायली तिथे आपोआप जात नाहीत, त्या नव्हत्याच.

टॅब तसाच बंद ठेवावा, उद्या एखादी युक्ती निघेल, असं माझं मत होतं. मामींचं नव्हतं. “पोऱ्याले दी टाक अभ्यासले,” त्या म्हणाल्या. नातू बारावीला होता. टॅब पुसला. पुसल्यावर टॅबने मामांचं गूगल खातं मागितलंच. ही चोरीविरोधी सोय अँड्रॉइडमध्ये 2015 पासून आहे. आयपॅडमध्ये तसंच कुलूप 2013 पासून आहे, आणि तिथे मालकाचं अ‍ॅपल खातं लागतं. आमच्याकडे पासवर्ड आला होता म्हणून निभावलं. आधी रीसेट करून बसलो असतो आणि खातं हाती नसतं, तर गाणीही नाहीत आणि टॅबही नाही.

गूगलमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ नावाची सोय 2013 पासून आहे. खातं ठरावीक महिने वापरलं नाही तर आतली माहिती कुणाला द्यायची, ते आधीच नोंदवून ठेवता येतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आपल्या पश्चात आपले हक्क वापरायला माणूस नेमण्याची तरतूद आहे. बँकेत वारस लावतो तसा इथेही लावा. आणि घरातलं कुणी गेलं, तर त्यांची खाती हाती येईपर्यंत त्यांच्या नंबरचं रिचार्ज थांबवू नका.