जेतवनातील पटाचारा

बलरामपूरला उतरून आम्ही विहारातील मंडळी जीपने श्रावस्तीला गेलो. जेतवनात आता विटांचे चौथरे आणि आनंदबोधी वृक्ष. अट्ठकथा सांगते, पटाचारा इथेच आली. नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे बाळ ससाण्याने नेले, थोरला नदीत बुडाला. घर कोसळून आईबाप, भाऊही गेले. वेडीपिशी, अंगावर वस्त्र नाही. लोक हाकलू लागले. भगवंतांनी मात्र भगिनी म्हणून हाक मारली. कोणीतरी वस्त्र टाकले. तीच पुढे विनयात अग्रगण्य भिक्खुणी झाली.

आमच्या सोबतच्या आक्कांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून वंदनेला त्यांचा आवाज नव्हता. गंधकुटीपाशी त्या खूप वेळ बसल्या. आम्ही फोटोत गुंतलेलो! एकाएकी त्यांनीच त्रिसरण सुरू केले. मग म्हणाल्या, "डबा सोडा, भूक लागली."